ऊन सगळं जाऊबाईंचं

वत्सलाबाई डेर्ले चष्मा लावून दोनच गोष्टी वाचायच्या. पेपरातल्या निधनवार्ता आणि विजेचं मीटर. निधनवार्ता वाचून म्हणायच्या, "चांगला माणूस होता." मीटर वाचून काहीच म्हणायच्या नाहीत. नुसता चष्मा काढून पदरानं पुसायच्या, जणू चूक काचेची आहे.

पंचवटीत भाजीबाजाराच्या मागच्या गल्लीत त्यांचं दुमजली घर. तळमजल्याच्या पुढच्या खोलीत दोन घरघंट्या आणि कोपऱ्यात ओलं दळण दळायचं एक यंत्र. ते वर्षातले दहा महिने गोणपाटाखाली झोपायचं आणि कुरडयांच्या दिवसांत जागं व्हायचं. एकोणीस वर्षं ही खोली चालू होती. दळणाच्या डब्यांवर नावं लिहायची पद्धत इथे नव्हती. कुठल्या डब्याला कुठे पोचा आहे, कुणाचं झाकण कुणाच्या डब्यावर बसतं, हे वत्सलाबाईंना तोंडपाठ. कान तर असा, की आत स्वयंपाकघरात कांदा चिरता चिरता त्या ओरडायच्या, "कुसाबाई, तुमची ज्वारी सर्दावली आहे. बंद करा आणि उद्या उन्हं दाखवून आणा." समोरच्या घरातल्या कुसाबाई डब्यात हात घालून बघायच्या, तर खरंच दाणे गार लागायचे.

नवरा खंडेराव रिक्षा चालवायचे. स्टँडवर त्यांची ओळख 'गिरणीवाल्या बाईंचे मिस्टर' अशी होती आणि त्यांना त्याचं काही वाटत नसे. उलट भाडं ठरवताना ते ती ओळख वापरायचे.

पण गेल्या तीनेक वर्षांत विजेचं बिल असं काही वर चढलं, की वत्सलाबाईंचा चष्मा पुसून पुसून झिजायची वेळ आली. दळणाचा भाव दोन रुपयांनी वाढवला, तर बायका म्हणाल्या, "काकू, एवढ्यात तर तयार पिठाची पिशवी येते." त्यात उन्हाळा लागला की दुपारची लाईट जायची. डबे तसेच पडून राहायचे आणि संध्याकाळी भाकरीला पीठ नाही म्हणून बायका तोंडं पाडून यायच्या. माघातल्या एका रात्री पान वाढता वाढता वत्सलाबाई म्हणाल्या, "आखाजीपर्यंत चालवते. कुरडयांचा मोसम काढते आणि मग खोली भाड्यानं देऊन टाकू."

खंडेरावांचा घास हातातच राहिला. "आणि तू काय करशील?"

"पेपर वाचीन."

"तुला त्यात वाचायला दोन मिनिटं लागतात. उरलेला दिवस माझ्यावर काढशील."

वत्सलाबाई हसल्या नाहीत. तेव्हा खंडेरावांना कळलं, की ही खरंच बोलतेय.

दुसऱ्या दिवशी बाजरीचा डबा घेऊन मोहिनी आली. मोहिनी मूळची मनमाडची, वडील रेल्वेच्या कारखान्यात होते. समोरच्या माडीवर भाड्यानं राहायची आणि लोकांच्या छतांवर सोलर बसवून द्यायचा धंदा करायची. अंगावर पुरुषी शर्ट, खिशात टेस्टर. आल्या आल्या तिला गिरणी बंद होणार असल्याची बातमी कळली. ती डबा खाली ठेवायचं विसरली.

"काकू, तुमचं काम दिवसा चालतं. ऊन दिवसा असतं. अजून काय पाहिजे? छत कुणाचं आहे?"

"अर्धं माझं, अर्धं जाऊबाईंचं," वत्सलाबाई म्हणाल्या. "आणि ऊन सगळं जाऊबाईंचं."

ते खरं होतं. जाऊबाई म्हणजे आक्काबाई, थोरल्या दिरांच्या पत्नी, वरच्या मजल्यावर राहणाऱ्या. वय पासष्टच्या पुढे, सायखेड्याची बोली जशीच्या तशी जिभेवर. वाटणीत छताची दक्षिणेकडची बाजू त्यांच्याकडे आली आणि उत्तरेकडची वत्सलाबाईंकडे. मध्ये जिन्याची खोली आणि पाण्याची टाकी. थंडीत त्या खोलीची आणि टाकीची सावली वत्सलाबाईंच्या निम्म्या छतावर दिवसभर पडून असायची. दक्षिणेच्या बाजूला आक्काबाईंचं वाळवण. होळीपासून आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, तिथे नागलीचे (नाचणीचे) पापड, कुरडया, सांडगे आणि त्यांच्या मधोमध काठी घेऊन बसलेल्या आक्काबाई. पापडासाठी नागली दळायची वत्सलाबाईंनी आणि वाळवायची आक्काबाईंनी, असं ते एकोणीस वर्षांचं गणित. आक्काबाईंचे पापड अर्धी गल्ली विकत घ्यायची.

त्याच दिवशी सगळे छतावर गेले आणि मोहिनी आक्काबाईंसमोर मांडी घालून बसली. "आक्का, सहा प्लेटा आहेत. तुमच्या बाजूला बसवते. तुम्ही काकूंच्या बाजूला वाळवण घाला."

"तिच्या बाजूला? तिथं सावली हाय."

"थंडीत. चैत्रात सूर्य डोक्यावर येतो. टाकीची सावली टाकीच्याच पायाशी. तुम्ही तीस वर्षं या बाजूला बसलात, म्हणून ती बाजू कधी बघितली नाहीत."

आक्काबाईंनी उठून टाकीकडे बघितलं, मग आकाशाकडे, मग मोहिनीच्या शर्टाकडे. "पोरी, तू इंजिनेर का?"

"डिप्लोमा झालाय."

"मंजे अर्धी इंजिनेर." मग त्या वत्सलाबाईंकडे वळल्या. "बसव. पन येक आयक. माझ्या वाळवनाला आखाजीपातुर धक्का लागता कामा नाय. येक पापड जरी तुमच्या प्लेटांपायी हालवावा लागला, तर आखाजीच्या दिशी प्लेटा खाली. कबूल?"

वत्सलाबाईंनी एकदा खंडेरावांकडे पाहिलं. डोळ्यात मोतीबिंदू उतरल्यानं डॉक्टरांनी त्यांची रिक्षा बंद केली होती. ती विकून आलेले पैसे या प्लेटांत जाणार होते. खंडेराव छताच्या कठड्याला टेकून उभे होते. त्यांनी नुसती 'घे' म्हणाल्यासारखी मान हलवली.

"कबूल," वत्सलाबाई म्हणाल्या. "शब्द दिला."

खरी बोलाचाली झाली ती बॅटरीवरून. बॅटरीला वेगळे पैसे होते आणि खंडेरावांना ते पटत नव्हतं.

"लाईट आहे की आपल्याकडे. दिवसा प्लेटा, रात्री लाईट. बॅटरी कशाला?"

"लाईट गेल्यावर?"

"प्लेटा आहेत ना."

"नाही चालत काका," मोहिनी म्हणाली. "नुसत्या प्लेटा लाईट गेली की आपोआप बंद पडतात. खांबावर दुरुस्ती करणाऱ्या माणसाला आपली वीज लागू नये म्हणून. बॅटरीवाली सिस्टिम घराला गल्लीपासून तोडते आणि एकटीच चालवते."

"ऐकलंत?" वत्सलाबाई म्हणाल्या. "लाईट गेली म्हणूनच बायका डबे उचलून जातात. मला ती गेलेलीच वेळ पाहिजे."

फाल्गुनात प्लेटा लागल्या. गुडघ्याएवढ्या उंचीपासून सुरू होऊन दक्षिणेला तोंड केलेल्या, काळ्याशार, झोपाळ्यासारख्या तिरक्या. खालच्या खोलीत भिंतीवर एक पांढरी पेटी आली, ती बॅटरी. खंडेराव येणाऱ्या-जाणाऱ्याला बोटानं वर दाखवायचे. "माझी रिक्षा. आता तिथे उभी असते. पेट्रोल नाही, पासिंग नाही."

वत्सलाबाईंनी गल्लीला नवी सवय लावली. डबे सकाळी नऊच्या आत आणायचे आणि दळण अकरा ते तीन. मोबाईलवर प्लेटांच्या विजेचा आकडा वर चढताना बघणं हे त्यांचं तिसरं वाचन झालं. पहिल्या महिन्याचं बिल आलं, तेव्हा त्यांनी चष्मा पुसला नाही. डोक्यावर सरकवला आणि खंडेरावांना म्हणाल्या, "खोली भाड्यानं द्यायचं मी बोलले होते का कधी?"

"कोण? मी नाही ऐकलं," खंडेराव म्हणाले.

आणि मग चैत्र लागला, ऊन कडकडीत झालं, आणि आकडा पडायला लागला.

सकाळी चांगला चढायचा. अकराच्या सुमारास जो बसायचा, तो तीनपर्यंत उठायचा नाही. बॅटरी संध्याकाळी निम्मीसुद्धा भरेना. मोहिनी आखाजीपर्यंत मनमाडला कामावर होती. फोनवर म्हणाली, "काकू, रोज अकराला तुमच्या छतावर ढग येतो का?"

"चैत्रात कुठला ढग?"

"मग वायर बघायला लागेल. आखाजीला येते."

वत्सलाबाई स्वतः वर जात नव्हत्या, कारण गुडघे. दोन मजले म्हणजे त्यांना गंगापूर धरण चढल्यासारखं व्हायचं. जिन्यात आक्काबाई भेटल्या की विचारायच्या, "काय गं, दमली का तुझी अर्धी इंजिनेर?" वत्सलाबाई डबा उचलून आत जायच्या. रात्री अंथरुणावर त्यांना वाटायचं, एका माणसाची रिक्षा विकून मी छतावर काचा लावल्या.

आखाजीला चार दिवस उरले होते. गल्लीची कुरडई म्हणजे आक्काबाईंच्या हुकमाचा विषय. त्या सांगतील त्या दिवशी बारा घरं गहू भिजत घालणार, तीन दिवस रोज पाणी बदलणार आणि चौथ्या दिवशी सकाळी सगळे टोप वत्सलाबाईंच्या दारात येणार. ओल्या दळणातून त्याचा चीक निघतो, तो रात्रभर बसतो, दुसऱ्या दिवशी पहाटे शिजतो आणि सोऱ्यातून छतावर पडतो. चौथ्या दिवशी गहू दळला नाही तर त्या उकाड्यात आंबतो. मग गाईसुद्धा तोंड लावत नाहीत. त्यात आखाजीला लेकी माहेरी येणार, जाताना डबा भरून नेणार. आक्काबाईंच्या तर तीन लेकी.

चौथा दिवस उजाडला. दहा वाजता वत्सलाबाईंच्या दारात स्टीलचे बारा टोप रांगेत लागले, आणि सव्वादहाला गल्लीच्या टोकाला मोठा आवाज झाला. रोहित्र, म्हणजे खांबावरचा ट्रान्सफॉर्मर, गेलं. गल्लीतले सगळे पंखे एकदम थांबले.

वायरमन खांबाकडे बघून म्हणाला, "नवीन आणायला लागेल. उद्या संध्याकाळ धरा."

"उंद्या?" आक्काबाई जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभ्या होत्या. "उंद्या त्या गव्हाचं काय, वास घिऊ?"

"बाजूच्या गल्लीत न्या दळायला."

"बाजूच्या गल्लीत पन याच डब्यातून लाईट येती, बाबा," कुसाबाई म्हणाल्या.

सगळ्या बायका वत्सलाबाईंकडे बघायला लागल्या. वत्सलाबाईंनी गोणपाट ओढलं आणि खटका दाबला. यंत्र गुरगुरलं, थबकलं आणि चालू झालं. कुणीतरी टाळी वाजवली. आक्काबाई वाळवण घालायला वर गेल्या आणि नंतर परत येऊन रांगेत उभ्या राहिल्या. पण पहिला टोप संपेपर्यंत मोबाईलवरची बॅटरी चाळीसवरून तिसावर आली होती. वत्सलाबाईंनी मोहिनीला फोन लावला.

"प्लेटांतून किती येतंय ते बघा," मोहिनी म्हणाली.

"काहीच नाही म्हणजे... पंख्यापुरतं."

"अकरा वाजले का?"

"पाच मिनिटं झाली."

"काकू, गुडघे बाजूला ठेवा आणि वर जा. वायर नाही ती. कुणीतरी रोज अकरा वाजता काहीतरी करतंय."

यंत्रावर खंडेरावांना उभं करून वत्सलाबाई चढल्या. प्रत्येक पायरीवर कठडा धरून, मागे आक्काबाई, त्यांच्या मागे निम्मी गल्ली. छताचं दार ढकललं आणि त्या थांबल्या.

सहाच्या सहा प्लेटांवर धुवट पांढऱ्या साड्या अंथरलेल्या. साड्यांवर नागलीचे पापड, ओळीनं, शेजारी शेजारी, एकाला एक न टेकता. तीनेकशे तरी असतील. प्लेटांच्या खालच्या सावलीत आक्काबाईंचं पोतं, पाण्याचा तांब्या आणि कावळे हाकलायची काठी.

आक्काबाईच आधी म्हणाल्या, "काच लय तापती. फरशीवर सांजंपातुर वाळत्यात ते हितं दोन तासांत वाळत्यात. आन् खाली गार सावली बसायला. म्या म्हनलं, पोरीनं चांगलं बनवलंय."

"जाऊबाई," वत्सलाबाईंचा आवाज अगदी शांत होता, "वीज त्या काचेवर पडलेल्या उन्हातून होते. तुम्ही पापडांखाली माझी गिरणी झाकून ठेवलीत."

"मला काय ठावं? तू सांगितलं व्हतं का? मला वाटलं खालून वायर येती, त्यातून वीज जाती."

"मी पंधरा दिवस बॅटरीला शिव्या घातल्या."

"मंग मला इचारायचं."

"तुम्ही जिन्यात भेटून हसत होतात."

कुसाबाई मध्ये पडल्या. "आता भांडू नका गं. उचला ते पापड आणि चला."

वत्सलाबाईंनी हात पुढे केला, आणि मागे घेतला. खाली बारा टोपांतला गहू उकाड्यात बसला होता. यंत्र अजून दोन टोप काढेल, मग थांबेल. हात एवढा लांब केला असता तर सगळं चालू झालं असतं.

"मी नाही उचलणार," त्या म्हणाल्या.

"का?"

"पापड ओले आहेत. हलवले तर वाकडे होतील, चिकटतील. शब्द दिलाय मी. यांच्या वाळवणाला प्लेटांपायी धक्का लागला, तर आखाजीला प्लेटा खाली उतरतील. मी हात लावला की माझ्या हातानं माझी गिरणी बंद केली."

बायकांनी आक्काबाईंकडे पाहिलं. आक्काबाईंनी पापडांकडे पाहिलं. आजची सबंध पहाट त्यात गेली होती, खार घातलेल्या पाण्याचा अंदाज, पिठाचं मळणं, मनगटाचं दुखणं. मग त्यांनी वाकून, कठड्यावरून, गल्लीत पाहिलं. वत्सलाबाईंच्या दारातल्या रांगेत तिसरा टोप त्यांचा होता. सगळ्यात मोठा, तीन लेकींचा.

खालून यंत्राचा आवाज आला. जरा जड, ओढल्यासारखा. तो आवाज वत्सलाबाईंनी ओळखला. बॅटरी उतरत होती.

आक्काबाईंनी पदर खोचला. "वत्सला, तू तिकडं हो. माझं वाळवन हाय, म्या हलवते. शब्द तू दिलाय, म्या नाय." मग बायकांवर नजर फिरवली. "बघत काय ऱ्हायल्या? चार कोनं धरा. साडी तानून धरायची, ढिली पडली तर पापड गोळा व्हत्याल. कुसा, तुझा कोपरा लोंबतोय."

आणि मग त्या छतावर जे झालं, ते बघायला खाली गल्लीतली माणसं माना वर करून उभी राहिली. एकेका साडीचे चार कोपरे चार बायकांच्या मुठीत, साडी अशी ताणलेली की पापड जागचे हलू नयेत, आणि त्या एकमेकींच्या पावलाकडे बघत टाकीला वळसा घालून उत्तरेच्या बाजूला चाललेल्या. मधे आक्काबाई उलट्या चालत, दोन्ही हात पसरून, "हळू, हळू, डावीकडं, गं डावीकडं, तुझं डावं कंचं?" अशा सूचना देत. टाकीची सावली खरंच टाकीच्या पायाशी गोळा होऊन बसली होती. उत्तरेची फरशी उन्हानं पांढरी झाली होती. आक्काबाईंनी तळव्यानं ती चाचपली.

"तापलीया," त्या म्हणाल्या. जरा नाराजीनं.

सहावी साडी निघाली तेव्हा त्यांनी स्वतः ओला फडका घेऊन प्लेटा पुसल्या, पिठाचा एक कणसुद्धा ठेवला नाही.

वत्सलाबाईंनी मोबाईल उघडला. आकडा आधी थोडा हलला, आणि मग चढायलाच लागला. त्यांनी चष्मा डोळ्यांवर नीट बसवला आणि मोठ्यानं वाचला, गल्लीला ऐकू जाईल असा. खालून यंत्राचा आवाज हलका झाला, मोकळा झाला. गुडघ्यांची आठवण न ठेवता वत्सलाबाई जिना उतरल्या.

सबंध गल्ली बंद होती आणि एक यंत्र चालू होतं. पंखे नाहीत, टीव्ही नाहीत, फक्त गव्हाचा घरघराट. टोपामागून टोप. वत्सलाबाई एका हातानं गहू सोडत होत्या, दुसऱ्या हातानं पाण्याची धार, आणि घरघंट्यांच्या खटक्यावर खंडेरावांना बसवलं होतं, कुणी चुकून तो दाबू नये म्हणून. "दोन यंत्रं एकदम चालू केली तर बॅटरीला धाप लागेल," असं ते प्रत्येकाला सांगत होते, अगदी ड्रायव्हरच्या रुबाबात. पावणेतीनला बारावा टोप रिकामा झाला. बॅटरी तेव्हा पंचावन्नवर होती. सुरू केली तेव्हापेक्षा जास्त.

"काय म्हणत होतो मी," खंडेराव म्हणाले, "बॅटरी पाहिजेच."

वत्सलाबाईंनी त्यांच्याकडे बघितलं. खंडेरावांनी आपणहून पाणी आणायला उठणं पसंत केलं.

आखाजीच्या दिवशी आक्काबाईंच्या तिन्ही लेकी आल्या. पुरणाचं जेवण झालं आणि सगळ्या छतावर आल्या, कुरडया बघायला. उत्तरेच्या बाजूला त्या पांढऱ्याशुभ्र पडल्या होत्या, बारा घरांच्या. मोहिनीही आली होती, शर्टाऐवजी त्या दिवशी साडीत, आणि म्हणून सारखी अडखळत.

वत्सलाबाई हळूहळू चढून वर आल्या. धापा टाकत कठड्याला टेकल्या. "जाऊबाई, आज आखाजी. पापड हलले होते. पन्नासेक वाकडे झाले, मी मोजलेत. शब्दाचं काय करायचं, तुम्ही सांगा. मोहिनी आलीच आहे, नट खोलायचे पाने घेऊन."

मोहिनीनं पाने आणले नव्हते, पण ती गप्प राहिली.

आक्काबाईंच्या हातात कावळे हाकलायची काठी होती. त्यांनी ती एका प्लेटेच्या चौकटीवर टकटक वाजवली. "म्या हलवले. प्लेटांपायी नाय, माझ्या गव्हापायी. तुझा शब्द हाय तसा हाय." लेकींकडे वळून म्हणाल्या, "ह्या कशा वीज बनवत्यात म्हाईत हाय का? वायर-बियर काय नाय. ऊन पडायला लागतं काचंवर. काय झाकायचं नाय, काय ठेवायचं नाय. लय जनांना ठावंच नसतं."

वत्सलाबाईंनी पदर तोंडावर घेतला. मोहिनी दुसरीकडे बघायला लागली.

"आन् पोरी," आक्काबाई तिला म्हणाल्या, "मला बी येक प्लेट पायजे. वीज नको, नुसती काच. काळी. हिकडं उत्तरंला, माझ्या बाजूला. पापड दोन तासांत वाळतो त्यावर, म्या बघितलंय."

"तुमची बाजू तिकडची आहे, आक्का."

"ती वत्सलाची. ऊन बी तिचंच, जा." असं म्हणत त्यांनी काठी उगारली, कारण एक कावळा चौथ्या प्लेटेवर बसायच्या बेतात होता, आणि त्या तशाच, अनवाणी, तापलेल्या फरशीवरून त्याच्या मागे धावल्या.